नऊ नंबरची बाटली

१

सोमवारी सकाळी साडेदहाला कॉलेजच्या सूचना फलकावर एक कागद लागला आणि अकराच्या आत त्याचा फोटो हुडकेश्वरपासून मौद्यापर्यंत पोचला. कागद तपासणीच्या लॅबचा होता. त्यावर नाव कोणाचंच नव्हतं, नुसते नमुन्यांचे नंबर होते. पण नऊ नंबरच्या ओळीत 'गांजा-भांगेचा अंश आढळला' असं छापलं होतं, आणि त्या नऊभोवती लाल पेनानं गोल काढून शेजारी लिहिलं होतं, 'मिनल'. खाली क्रीडा संचालक धर्मेंद्र सरांची सही आणि 'संघातून काढण्यात येत आहे' एवढी ओळ.

गर्दी जमली होती. तिच्यातून वाट काढत एक बुटका, टक्कल पडलेला माणूस पुढं आला, त्यानं टाचण्या काढल्या, कागदाची घडी केली आणि खिशात घातली. कोणी अडवलं नाही, कारण तो माणूस नत्थूजी होता.

नत्थूजी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. एकतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला दीड महिना उरला होता. कॉलेजात काही हरवलं की पोलिसांच्या आधी त्यांना बोलावणं जाई. तराजूची पितळी वजनं चोरीला गेली तेव्हा ती पानठेल्यावर सुपारी तोलताना त्यांनीच ओळखली होती. आणि त्यांचं अक्षर! प्रयोगशाळेतल्या चारशे बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांच्या हातच्या. अक्षर मोत्यासारखं, आकड्यांच्या शेपट्या झोकदार. गावच्या शाळेत गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलेलं वळण त्यांनी आजवर बदललं नव्हतं, आणि त्याचा त्यांना थोडा गर्वही होता. माणसाला कशाचा तरी गर्व असावा, नाहीतर तो कंटाळवाणा होतो.

मिनलला ते गेली दोन वर्षं रोज पाहत आले होते. सहाला प्रयोगशाळा उघडली की खिडकीतून मैदान दिसे आणि मैदानावर ही मौद्याची काटकुळी पोरगी धावत असे. पहिली फेरी नि पंचविसावी फेरी, दोन्हींत पावलाचा आवाज सारखाच. नत्थूजी झाडू हातात धरून उभे राहत आणि झाडायचं विसरत. देवळात जाऊन जे त्यांना कधी वाटलं नाही ते त्या खिडकीत वाटे. माणसाच्या देहात एवढं काही ठेवलेलं असतं, याचं त्यांना नवल वाटे.

प्राचार्या चारुशीला मॅडमनी त्यांना आत बोलावलं तेव्हा मॅडमचा चेहरा उतरला होता.

"तो कागद लावायला मी परवानगी दिली नव्हती," त्या म्हणाल्या. "पण आता लागला. नत्थूजी, शनिवारी लघवीच्या बाटल्या तुम्हीच बंद केल्यात, सील तुमचं, लॅबमध्ये नेऊनही तुम्हीच दिल्यात. शुक्रवारी विद्यापीठाची शर्यत आहे. बुधवारी संध्याकाळी नावं पाठवायची. तोवर काय ते शोधा."

"पोरगी काय म्हणते, मॅडम?"

"म्हणते, मी घेतलं नाही. मी म्हटलं, मग सोपं आहे, उद्या रक्त तपासू. लॅबवाले म्हणतात, रक्तात सगळं दिसतं. तर ती रडायला लागली. म्हणाली, संघातून काढा, कॉलेजातून काढा, पण रक्त देणार नाही. खरा माणूस तपासणीला नाही का म्हणेल?"

नत्थूजी उठले आणि जिमखान्याकडं निघाले.

२

धर्मेंद्र सर जिमखान्यात शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले होते. माणूस मूळचा जबलपूरचा, मनानं वाईट नव्हता. पण शिस्त म्हटली की त्यांना तेवढंच दिसे. जानेवारीत वसतिगृहातल्या दोन पोरांकडं गांजा सापडला आणि तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संघाची तपासणी करायचा नियम त्यांनीच करून घेतला होता.

"सर, बाकीच्या तिघींचं काय?" नत्थूजींनी विचारलं.

मुलींचा संघ चौघींचा. छातीवरचे नंबर जिला जो मिळाला तो कायमचा, म्हणून ते सलग नव्हते. एक नंबर कॅप्टन भूमिकाचा, दोन रितिकाचा, तीन चिन्मयीचा आणि नऊ मिनलचा. मधल्या नंबरांच्या पोरी परीक्षा नि लग्नं यांत गळून गेल्या होत्या.

"तिन्ही साफ," सर म्हणाले. "लॅबवाल्यांनी भूमिकाच्या नमुन्यावर लिहून पाठवलं, पाणी जास्त आहे म्हणून. पण ते फालतू. माझा बंदोबस्त पक्का होता. कोणी घडाभर पाणी पिऊन नमुना पातळ करू नये म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सातलाच कूलरला कुलूप घातलं, सगळ्यांच्या बाटल्या जमा केल्या. चौघी इथंच झोपल्या. सकाळी सहापर्यंत घोटभर पाणी नाही."

"मिनलवर आधीचा काही संशय?"

सरांनी दोरी सोडली. "तेच तर. भूमिकानं मला सांगितलं, मागच्या आठवड्यात मिनल फोनवर आईशी बोलत होती. म्हणत होती, 'माह्यं पिवळं कार्ड आहे हे इथं कोणाले माहीत नाही, तू बी बोलू नको.' आता बोला. पिवळं कार्ड म्हणजे वॉर्निंग. म्हणजे आधी कुठंतरी पकडली गेली असणार, एक वॉर्निंग घेऊन आमच्याकडं आली. दुसऱ्यांदा सापडली की लाल. खेळात असंच असतं."

"धावण्यात कुठं कार्ड राहते, सर?"

"समजून घ्या ना नत्थूजी. बोलायची पद्धत असते."

नत्थूजी उठले. पिवळं कार्ड हे शब्द त्यांच्या डोक्यात कुठंतरी अडकले. आपण ते कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी डब्यात पाहिलं आहे असं त्यांना वाटत राहिलं, पण डबा आठवेना.

३

भूमिका त्यांना जिन्यातच भेटली. हुडकेश्वरातल्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी, उंच, बोलकी, संघाची लाडकी. आज मात्र ती भिंतीला टेकून उभी होती आणि नखं खात होती.

"नत्थूजी, मशीन चुकत असंल न?" तिनं स्वतःहूनच विचारलं. "असं होते म्हणे कधीकधी."

"मशीन चुकते वं कधीकधी. तुले काहून वाटते चुकलं म्हणून?"

"मिनल असं करूच शकत नाही. आम्ही वसतिगृहात एका खोलीत राहून राहिलो दोन वर्षं. चहा बी पीत नाही ती." आणि मग खालच्या आवाजात, "पिवळ्या कार्डाचं मी सरांना सांगायला नको होतं. मला काय माहीत, ते असं लावतील."

"कधी सांगितलंस?"

"आज सकाळी. रिझल्ट आल्यावर." तिनं पुन्हा नख दातांत धरलं. "सरांनी विचारलं, काही माहीत आहे का. मी एवढी घाबरली होती की तोंडाला आलं ते बोलून गेली."

नत्थूजींनी तिच्याकडं पाहिलं. जिचा स्वतःचा निकाल साफ आला ती सकाळी कशाला घाबरेल? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या पोरीच्या डोळ्यांत चांदणं नव्हतं, नुसतं रडू होतं. त्यांनी ते मनात ठेवलं आणि पुढं गेले.

शनिवारी मुलींकडून बाटल्या घ्यायला अंजनाबाई होत्या, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या सफाई कामगार. एकेक मुलगी आत जाई, बाटली अंजनाबाईंच्या हाती देई, अंजनाबाई बाहेर येऊन नंबर सांगत आणि नत्थूजी दाराकडं पाठ करून टेबलाशी बसलेले, चिठ्ठी चिकटवून झाकणावर लाख लावत. बाटल्या अपारदर्शक पांढऱ्या, त्यामुळं आतलं काही दिसत नव्हतं.

"झाकणं लावायच्या आधी तुम्ही पाहिलं असंल न, अंजनाबाई?"

"पाहीन नाई तं काय. बाटली भरली का नाई ते पाहा लागे." अंजनाबाईंनी पदर खोचला. "एक गोष्ट सांगू का जी? मी कोणाले बोलली नाई. तिघींचं पिवळंजर्द होतं, रातभर पाणी नाई म्हटल्यावर असंच राहीन. पण मिनलचं पाण्यासारखं पांढरंफेक. मले वाटलं, या पोरीनं नळाचं पाणी भरून दिलं. मग हात लावून पाहिला तं बाटली गरम होती. म्हणून गप्प राहिली."

"मिनलचंच? नक्की?"

"नऊ नंबर. शेवटी आली होती. मी आवाज नाई का देल्ला तुमाले, नऊ म्हणून?"

नत्थूजी मटकन स्टुलावर बसले. अंजनाबाईंना वाटलं, पोरीची लबाडी उघडी पडली म्हणून त्यांना धक्का बसला. तसं नव्हतं. त्यांना आठवलं होतं, पाणी जास्त असलेला नमुना एकच होता, आणि लॅबनं तो भूमिकाचा म्हणून कळवला होता.

४

मंगळवारी सकाळी त्यांनी मॅडमकडं अहवालाचं दुसरं पान मागितलं. फलकावर पहिलंच लागलं होतं. दुसऱ्यावर प्रत्येक नमुन्याची घनता होती. पाणी १ धरलं तर लघवी त्याहून किती जड, तो आकडा. रसायनशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचायला चष्मा पुरे. दोन नंबर, १.०२४. तीन नंबर, १.०२५. नऊ नंबर, १.०२७, सगळ्यांत घट्ट. आणि एक नंबर, १.००६, जवळजवळ पाणीच.

"मॅडम, अंजनाबाईच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा तं हे पान उलटं आहे," ते म्हणाले. "पातळ बाटली मिनलची. गांजा ज्या बाटलीत सापडला ते घट्ट आहे. ते मिनलचं नाहीच."

"म्हणजे कोणीतरी बदलली?"

"आणिक एक कोडं राहते. रातभर पाणी नाही, तर पातळ आलंच कसं?"

मग नत्थूजींनी सरांचं पिवळ्या कार्डाचं बोलणंही सांगितलं. ते मात्र मॅडमनी चुटकीसरशी उलगडलं. "अहो, पिवळं म्हणजे रेशनचं. दारिद्र्यरेषेखालचं. घरची गरिबी मैत्रिणींना कळू नये असं वाटलं असेल बिचारीला. त्यात काय एवढं?"

नत्थूजी मान हलवून निघाले. रेशनचं कार्ड लपवायला कोणी रक्त नाकारत नाही.

त्या दुपारी ते जेवायला घरी गेले. बायकोनं ताटात भाकरी वाढली नि तांब्या पुढं ठेवला. तांब्या रिकामा होता.

"भरला होता जी," ती आतून म्हणाली. "जयवंताबाई येऊन गेल्या आत्ता. तुमची बहीण आली की घरातलं पाणी पुरते का? दोन तांबे पिऊन जाते, आणि दर घंट्याले उठते."

घास हातातच राहिला. डबा आठवला होता.

जयवंताबाईंच्या घरी, देवाच्या फोटोमागं, बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात सरकारी दवाखान्याची दोन कार्डं. एक लाल, त्यांच्या पोराचं. सिकलसेलचा आजार होता त्याला. हाडं ठणकायची, जिन्याच्या चार पायऱ्या चढला की बसायचा. अकराव्या वर्षी गेला. आणि दुसरं कार्ड पिवळं, स्वतः जयवंताबाईंचं. पिवळं म्हणजे वाहक. रक्तात तो दोष अर्धा असतो, माणूस चांगला हिंडताफिरता असतो, फक्त पोराबाळांत जाऊ शकतो. विदर्भात गावागावात शाळेत रक्त तपासून ही कार्डं वाटली आहेत, आणि गावागावात ती डब्यांत लपलेली आहेत.

तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं ते नत्थूजींना शब्दन् शब्द आठवलं. 'या रक्ताच्या माणसाचं मूत्रपिंड पाणी धरून ठेवत नाही. वाहकांतही हे पुष्कळदा दिसतं. कितीही तहानलेला ठेवा, लघवी घट्ट होत नाही. म्हणून याला कधी कोरडं पडू देऊ नका.'

कोरडं पडू देऊ नका. आणि ही पोरगी रात्रभर पाण्यावाचून राहून सकाळी सहाला बाटली देऊन आली होती, आणि त्याच सकाळी, नत्थूजींनी खिडकीतून पाहिलं होतं, तिनं पंचवीस फेऱ्या मारल्या होत्या.

भाकरी तशीच टाकून ते उठले.

५

मिनल मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली बसली होती. धावायला बंदी होती म्हणून नुसती बसली होती. नत्थूजी थोडं अंतर ठेवून बसले.

"माह्या बहिणीचं पिवळं कार्ड आहे," ते म्हणाले. "भाच्याचं लाल होतं."

मिनलनं मान वर केली नाही. पण तिचे खांदे हलले.

"मी तुले काही विचारत नाही, बाई. तू काही सांगू बी नको. मी फक्त एवढं सांगाले आलो की ते बाटलीतलं तुह्यं नव्हतं, हे मले कळलं. तुह्या देहानंच सांगितलं."

मग ती बोलली. हळू, तुटक. तिच्या ताईचं लग्न जमलं होतं, पुढच्या महिन्यात होतं. ताईला काही नाही, तिचं कार्ड पांढरं आहे. पण एकीचं पिवळं आहे असं गावात कळलं की लोक दुसरीचं कार्ड पाहायलाही थांबत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एक सोयरीक अशीच मोडली होती, मिनलच्या नावावरून. तेव्हा ताई तिला काहीच बोलली नव्हती. मिनलला तेच सहन होत नव्हतं. लॅबवाले म्हणाले होते, रक्तात सगळं दिसतं. तेव्हा तिनं ठरवलं, नाव खराब झालं तर माझं होऊ दे.

"गांजाडी म्हणतील, म्हणू दे," ती म्हणाली. "ते धुतल्या जाते. हे धुतल्या जात नाही."

नत्थूजी तिच्याकडं पाहत राहिले. एकोणीस वर्षांची पोर. देहात अर्धं रक्त वैऱ्याचं, पाण्यावाचून जीव कासावीस होत असणार, आणि तरी रोज पंचवीस फेऱ्या. वरून गावभर बदनामी झेलून बहिणीचं लग्न पाठीवर घेऊन बसलेली. त्यांना एकदम फार लहान वाटलं, आणि लहान वाटण्यात लाज नव्हती, उलट बरं वाटलं.

"मी कोणाले सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तुह्यं नाव बी साफ करतो."

"सांगितल्याबिगर कसं कराल?"

तेच त्यांना कळत नव्हतं. वर त्याहून वाईट एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊ लागली होती. अंजनाबाईंनी हाक दिल्यापासून बाटल्या त्यांच्या हाताबाहेर गेल्या नव्हत्या. लाख त्यांनी लावली, डबा त्यांच्या स्कूटरवर, लॅबच्या खिडकीवर त्यांनीच ठेवला, आणि सील मोडलेलं नव्हतं असं लॅबनंच लिहून दिलं होतं. या सगळ्यात बाटल्यांची अदलाबदल करू शकणारा माणूस एकच होता, आणि तो माणूस नत्थूजी होता.

६

बुधवारी सकाळी ते धंतोलीतल्या लॅबमध्ये जाऊन उभे राहिले. नमुने ज्यानं घेतले तो सौरव चोवीस-पंचवीस वर्षांचा, सरळ पोरगा. वडील बाहेरच्या राज्यातून बुटीबोरीत कंपनीत कामाला आलेले, हा इथंच वाढलेला, इंग्रजी शाळेत शिकलेला. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी.

"काका, बाटल्या ठेवल्यात अजून. महिनाभर ठेवतो आम्ही," त्यानं कपाट उघडून चार बाटल्या टेबलावर मांडल्या. चारही बाटल्यांवर नत्थूजींच्या हातच्या चिठ्ठ्या. त्या स्थितीतही नत्थूजींच्या मनात आलं, काय देखणं वळण आहे.

"नऊ नंबर कोणती?"

सौरवनं बोट ठेवलं. "ही."

नत्थूजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सौरवचं बोट ज्या चिठ्ठीवर होतं तिच्यावर लिहिलं होतं: १.

"आणि एक?"

"ही." दुसऱ्या चिठ्ठीवर होतं: ९.

"हे नऊ कसं, पोरा?"

"काका, नऊच तर आहे. असा गोल आणि खाली शेपूट." त्यानं खिशातलं पेन काढून कागदावर इंग्रजी नऊ काढला: 9. मग चिठ्ठी शेजारी धरली: १. दोन्ही जुळी भावंडं. "दोन आणि तीन तर समजले लगेच. हा नऊ पण समजला. चौथा जरा डिझाईनवाला होता, वाचता नाही आला. पण तुमच्या ऑफिसची लिस्ट होती ना टाईप केलेली, एक-दोन-तीन-नऊ. तीन झाले, मग उरला तो एक. बरोबर ना?"

चूक कुठंच नव्हती. पोरानं आपल्या शाळेत शिकलेले आकडे वाचले होते, नत्थूजींनी आपल्या शाळेत शिकलेले लिहिले होते. दोन आणि तीन दोन्ही शाळांत सारखे, म्हणून त्याला शंकाही आली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तीन दिवस नत्थूजी चोर शोधत हिंडले, आणि चोर त्यांच्याच बोटांतून, झोकदार शेपटीसह, चिठ्ठीवर उतरला होता.

ते बाकावर बसले. लाज वाटली, फार वाटली. आणि त्या लाजेतच त्यांना दिसलं की वाट सापडली आहे. मिनलच्या रक्ताबद्दल अवाक्षर न काढता तिचं नाव साफ होऊ शकत होतं. त्यासाठी दुसऱ्या कोणाचं नाव घालवायला हवं होतं, आणि ते नाव त्यांच्या खिशातच होतं. स्वतःचं.

७

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत धर्मेंद्र सरही होते. नत्थूजींनी टेबलावर कागद ठेवला, त्यावर १ काढला, शेजारी 9 काढला आणि सगळं सांगितलं. फक्त जयवंताबाईंचा तांब्या, डबा आणि कडुलिंबाखालचं बोलणं यातलं काही सांगितलं नाही.

"चूक माह्यी आहे. सर्व्हिस बुकात लिहा," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत पहिला शेरा असंल. लिहा."

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. लाल पेनानं गोल त्यांनी काढला होता. पण सवय जाते कुठं. "मग नऊ म्हणजे एक. एक नंबर म्हणजे..."

"सर," नत्थूजी मध्येच म्हणाले, आणि ते कधी कोणाच्या मध्ये बोलत नसत. "माह्या चिठ्ठ्यांवर आता कोणाचंच नाव लिहू नका. एकीचं लिहिलं, त्याचं काय झालं ते पाहिलं न आपण. ज्या तपासणीचे नंबरच धड नाहीत ते तपासणी बाद."

चारुशीला मॅडम त्यांच्याकडं बराच वेळ पाहत होत्या. हुशार बाई होत्या. पातळ नमुन्याचं कोडं सुटलं का, हे त्यांना विचारायचं होतं, ते ओठांवर आलं होतं. पण विचारलं नाही. त्यांनी अहवालाची दोन्ही पानं उचलली आणि बारीक फाडली.

"यापुढं असले अहवाल बंद पाकिटात फक्त डॉक्टरांकडं जातील," त्या म्हणाल्या. "आणि धर्मेंद्र सर, फलकावर माफीचा कागद तुमच्या सहीनं लागेल. आजच. मिनलचं नाव संघात."

"एक मागणं आहे," नत्थूजी म्हणाले. "कूलरचं कुलूप काढा. यापुढं कोणाचं पाणी बंद करू नका. आणि शुक्रवारी दर किलोमीटरले पाणी ठेवा. चौघींसाठी."

"पाण्याचं काय मध्येच?" सर म्हणाले. "गरज कोणाला आहे?"

"सगळ्यांले आहे, सर. उन्हाळा येऊन राहिला."

संध्याकाळी प्रयोगशाळेच्या दारात भूमिका उभी राहिली. "नत्थूजी, एक नंबर माझा आहे," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मशीनमध्ये नऊ आला तेव्हा मी देवाचे आभार मानले. नंतर मिनलला रडताना पाहिलं. तिच्या बाजूला झोपली तरी बोलली नाही मी. मी ते काहून घेतलं ते..."

"ते मले नको सांगू वं," नत्थूजींनी हात वर केला. आवाज कडक नव्हता. "ते डॉक्टरीणबाईले सांग, ती ऐकून पोटात ठेवते. मिनलले काय सांगायचं ते तू जाण."

भूमिकानं डोळे पुसले. "मी शुक्रवारी धावणार नाही. सरांना सांगितलं, पाय दुखते म्हणून."

"बरं केलंस," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी तिला चहा करून दिला.

शुक्रवारी सकाळी सातला शर्यत सुटली. दहा किलोमीटर, गावाबाहेरच्या रस्त्यावर. नत्थूजींनी सातव्या किलोमीटरचं टेबल मागून घेतलं होतं. तीन मुलींसाठी तीन बाटल्या, चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या. या खेपेस त्यांनी आकडे लिहिलेच नव्हते. अक्षरांत लिहिलं होतं: दोन, तीन, नऊ.

वळणावरून मिनल आली. पुढं फक्त एक मुलगी होती. तीच पावलं, पहिल्या फेरीसारखीच. लाल कार्डाचा तो भाचा नत्थूजींच्या डोळ्यांपुढं आला, जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलेला. त्याच रक्ताचा अर्धा वाटा अंगात घेऊन ही पोरगी त्यांच्याकडं धावत येत होती, आणि सकाळच्या उन्हात तिला श्वासही लागलेला दिसत नव्हता. नत्थूजींचे हात जोडले गेले. मग बाटली द्यायची आहे हे आठवून त्यांनी ते सोडवले.

मिनलनं धावता धावता बाटली घेतली, चार मोठे घोट प्यायली, उघडपणे, सगळ्यांसमोर. मग चिठ्ठीवर नजर गेली. ती हसली. बाटली परत त्यांच्या हातात ठेवताना तिचं पाऊल जरासं रेंगाळलं.

"नत्थूजी, आकड्यातच लिहा जी," ती म्हणाली. "मले वाचता येते."